टिटवीची चार अंडी : पाणवठ्यावरील पक्षिनिरीक्षणाचा एक पाठ

खेडेगावच्या माणसाचा दिवस पाखरांच्या आवाजाने उजाडतो. आधी कोंबडा, मग कावळा, मग साळुंक्या. आणि ऊन अंगणात येण्यापूर्वी गोठ्यातील धारा काढून होतात. तथापि आमचा अनुभव असा आहे की, ज्या शेतकऱ्यास आपल्या शिवारातील प्रत्येक बांध व प्रत्येक बाभूळ ठाऊक असते, त्यास त्याच बाभळीवर बसणाऱ्या दहा पाखरांची नावे विचारिली, तर तो चार-पाच नावांशी थांबतो. बाकीची सारी त्याच्या लेखी नुसती 'पाखरे' होत. ह्यात त्याचा फारसा दोष नाही. त्यास ते कोणी शिकविले नाही. ही उणीव थोडीशी तरी भरून निघावी म्हणून हा पाठ लिहिला आहे. गावच्या शाळेतील शिक्षक, मुलांचे वर्ग चालविणारे आमचे सेवकबंधू, आणि घरी लेकरांस जवळ घेऊन चार गोष्टी सांगणाऱ्या मायबहिणी, ह्यांस तो उपयोगी पडावा, अशी आमची इच्छा आहे. ह्यास खर्च काही नाही. पहाटे उठण्याची तयारी, एक वही व पुष्कळसा धीर एवढेच साहित्य लागते.

१. जागा व वेळ

दौंड शहराजवळून वाहणारी भीमा पुढे पूर्वेकडे जाते, तसतशी तिची धार मंदावत जाते व पात्र रुंदावते. ह्याचे कारण पुष्कळ दूर आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढे तालुक्यात उजनी येथे भीमेवर मोठे धरण आहे. त्याचे काम १९६९ साली सुरू होऊन १९८० साली पुरे झाले. त्या धरणाच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे, आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यातून मागे सरत दौंड तालुक्याच्या पूर्वेकडील शिवारांपर्यंत येऊन पोचते. ह्या पाण्याखाली पुष्कळ गावे व काळीभोर राने गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ त्यांतलेच होय. पाणी फार उतरले म्हणजे ते पुन्हा उघडे पडते, आणि म्हातारी माणसे आपली जुनी वस्ती पाहावयास तेथे जातात.

पावसाळ्यात जलाशय भरतो. पुढे शेतीसाठी पाणी सोडिले जाते, तसतसा काठ मागे हटतो, आणि चैत्राच्या सुमारास गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात. गुडघाभर पाणी, त्यात बारीक मासे, आणि मऊ गाळात किडे व अळ्या. पाणपाखरांस ह्याहून चांगले ताट कोठे मिळणार? म्हणून भिगवण, कुंभारगाव व भोवतालची गावे पाखरांसाठी लांबलांबच्या लोकांस ठाऊक झाली आहेत, आणि पूर्वी केवळ मासेमारीवर जगणारे कित्येक नावाडी आता पाहुण्यांस पाखरे दाखवूनही चार पैसे मिळवितात.

शिरूरकडील वाचकांस इतके लांब येण्याचे कारण नाही. चिंचणी येथे घोड नदीवर धरण आहे, त्याचा जलाशय त्यांच्या घरचाच आहे. आणि ज्यांस पाणी जवळ नाही त्यांस चिंचेचे बन आहे. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव चिंचा व मोर ह्या दोहोंमुळे प्रसिद्ध आहे. तेथील मोर पहाटे व सायंकाळी झाडांवरून उतरून शेतात चरावयास येतात. मोरास १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला. परंतु त्याच्या पुष्कळ आधीपासून ह्या गावकऱ्यांनी आपल्या दाण्यातला वाटा त्यास दिला आहे. हे गाव ध्यानात ठेवावे, त्याचा उपयोग आम्हांस पुढे करावयाचा आहे.

वेळ सूर्योदयाची. ऊन चढले म्हणजे पाखरे सावलीस जातात व मुकी होतात. मार्चअखेरच्या एका सकाळी आम्ही फुगवट्याच्या काठच्या एका गावातून, शाळेतील सहा मुले व त्यांचे शिक्षक ह्यांस बरोबर घेऊन निघालो. सहा वाजले होते. गावाबाहेर ऊस, मग वेड्या बाभळींची झाडी, मग जुन्या बाभळी, कडुनिंब व करंज ह्यांच्यामधून पाण्याकडे उतरणारी गुरांची पाऊलवाट, असा आमचा मार्ग होता. कडुनिंबास मोहर आला होता व करंजास नवी पालवी फुटली होती. मुलांपैकी सर्वांत धाकट्याच्या कमरेस बेचकी खोवलेली होती. ती आम्ही पाहिली, पण तेव्हा काही बोललो नाही.

२. पाखरांचे बलुतेदार

मुलांस पहिल्याच दिवशी पन्नास नावे सांगू नयेत. ती संध्याकाळपर्यंतही राहत नाहीत. आम्ही एक युक्ती करितो. आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ पाखरांस गावातील कामकऱ्यांची नावे दिली आहेत, त्यांपासून आरंभ करावा. मुलांस प्रश्न घालावा की, ह्या पाखरास हे नाव का पडले असावे? मग त्याचे काम पाहून उत्तर त्यांनीच शोधावे.

त्या सकाळी निंबाच्या शेंड्यावरून 'टुक्, टुक्, टुक्' असा एकसारखा आवाज येत होता. तो तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज असतो. अंग हिरवे, कपाळ व गळपट्टी लाल. पाहावयास तो कठीण, कारण पानांत पान होऊन बसतो. पुढे तारेवर काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल होता. आपल्या घरट्याच्या आसपास कावळा किंवा घार आली की तो तिच्या पाठीस लागून तिला हाकून देतो. म्हणून लहानसहान पाखरे त्याच्याच झाडावर घर करून निर्धास्त राहतात. बांधावर शेपटी वरखाली आपटीत धोबी चालला होता. काटेरी फांदीवर, डोळ्यावर काळी पट्टी असलेला खाटीक बसला होता. टोळ व सरडे धरून ते काट्यास टोचून ठेवणे ही त्याची रीत. पानांस पाने शिवून आत घरटे करणारा शिंपी, खोड ठोकून किडे काढणारा सुतार, हेही ह्याच गावचे बलुतेदार होत. पाण्यावर गेल्यावर आणखी एक ओळखीचे नाव भेटले. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला चांदवा थव्याने पोहत होता. त्यास कित्येक ठिकाणी वारकरी म्हणतात.

अशी नावे अनेक गावी निरनिराळी आहेत, आणि ती म्हाताऱ्या माणसांबरोबर नाहीशी होत आहेत. सोलापूर येथे १९३२ साली जन्मलेले, वनखात्यात आयुष्य वेचलेले व २०२५ साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली ह्यांनी अशी नावे रानातील व पाण्यावरील लोकांच्या तोंडून गोळा करून मराठी भाषेवर उपकार केले. हे काम लहान प्रमाणात कोणत्याही शाळेस करिता येईल. मुलांनी आपल्या आजीस व गावच्या मेंढपाळास नावे विचारून वहीत लिहावी.

३. पाखरू ओळखावे कसे

नवे पाखरू दिसले म्हणजे मुले एकदम ओरडतात, "गुरुजी, हे कोणतं?" आम्ही नाव लगेच सांगत नाही. आधी पाच गोष्टी विचारितो.

पहिली, आकार. तो फूटपट्टीने सांगता येत नाही. म्हणून चिमणी, साळुंकी, कावळा व घार ही चार मापे मनात ठेवावी, आणि नवे पाखरू कोणाएवढे आहे ते म्हणावे. दुसरी, चोच. दाणे फोडणारी चोच आखूड व जाड असते, चिखलात खुपसणारी लांब व बारीक, आणि मांस फाडणारी आकडीसारखी. चोच पाहिली म्हणजे पाखराचे जेवण समजते. तिसरी, पाय, आखूड की लांब, कोणत्या रंगाचे, बोटे मोकळी की पडद्याने जोडलेली. चौथी, चाल व उड्डाण. पाचवी, आवाज व जागा. ही पाच उत्तरे वहीत लिहिल्यावर मगच नाव विचारावे. आणि नाव ठाऊक नसेल तर शिक्षकाने तसे सरळ सांगावे. आम्हांसही त्या सकाळी दोन पाखरांची नावे सांगता आली नाहीत. मुलांनी त्यांची वर्णने लिहून ठेविली आहेत.

४. पाण्यातील पंगत

पाण्याच्या काठी पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. तेथे मुलांनी एक गोष्ट आपण होऊन शोधून काढिली, ती आम्हांस फार आवडली. काठावर ओल्या चिखलात आखूड पायांचे तुतवार धावत होते. वीतभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या होता. त्यापुढे बगळे. त्याहून खोल पाण्यात गुलाबी रांग उभी होती, ती रोहित पक्ष्यांची. आणि जेथे उभे राहणे अशक्य, तेथे पोहणारे चांदवे व बुडी मारणारे पाणकावळे. एक मुलगा म्हणाला, "ज्याचे पाय जेवढे लांब, तेवढ्या पाण्यात तो." अगदी बरोबर! एकाच पाण्यात इतकी जातकुळी सुखाने जेवते, कारण प्रत्येकाची जागा व प्रत्येकाचे अन्न निराळे आहे.

रोहित पक्ष्यास अग्निपंख असेही म्हणतात. तो उभा राहिला म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या उंचीस लागतो. त्याची चोच मधोमध वाकलेली असते. तो डोके उलटे करून ती पाण्यात घालितो, जिभेने चिखलपाणी आत-बाहेर करितो, आणि चोचीच्या कडेस असलेल्या चाळणीत बारीक जीव व शेवाळ अडकून राहते. पीठ चाळणाऱ्या बाईस हे काम समजावून सांगावे लागत नाही. त्याचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातूनच येतो. पिल्लू करड्या रंगाचे असते. ह्यांच्या विणीची मोठी जागा कच्छच्या रणात आहे. तेथे ते चिखलाचे उंचवटे करून त्यांवर अंडी घालितात.

हिवाळ्यात ह्याच पाण्यावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस येतात, त्यांस पट्टकदंब म्हणतात. ते तिबेट, लडाख व मंगोलिया येथील उंच सरोवरांकाठी वीण करितात आणि हिमालय ओलांडून इकडे येतात. आम्ही गेलो तोवर ते परतीच्या वाटेस लागले होते. एकही दिसला नाही. उलट कित्येक पाखरांचा संसार आता येथेच सुरू होता. पिवळ्या चोचीचे, पंखांवर नक्षी असलेले चित्रबलाक भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील झाडांवर घरटी बांधितात. वेडा राघू व खंड्या नदीच्या उभ्या दरडीत लांब बीळ करून त्यात अंडी घालितात. म्हणून जेथे दरड खणून माती व वाळू नेली जाते, तेथे त्यांचे घर आतल्या पिल्लांसह जाते. दुसरे एक संकट पाण्यातूनच येते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून ह्या जलाशयात येते, आणि जलपर्णी वाढून पाण्याचे तोंड झाकून टाकिते. हे पाणी माणसे व गुरेही वापरितात. तेव्हा पाखरांचे दुःख ते आपलेही दुःख आहे.

५. टिटवी

आता ज्या गोष्टीसाठी हा पाठ लिहावयास घेतला, ती सांगतो.

पाण्यावरून परत फिरलो तेव्हा आठ वाजले होते. गाळाच्या पट्ट्यावर एक शेतकरी ट्रॅक्टरने नांगरट करीत होता. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत जे पीक घेतात, त्यास गाळपेर म्हणतात. आम्ही त्याच्या तासाजवळ येतो तोच एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालून आकांत करू लागली. लगेच दुसरीही आली. शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबविला व तो वैतागून म्हणाला, "गुरुजी, सकाळच्या पारी ही ओरडली म्हंजी काहीतरी वंगाळ घडतंय. हाकला तिला." आमच्या मागून लहानग्याने खिशातील खडा काढून बेचकीत घातला होता.

आम्ही त्याचा हात धरिला व सर्वांस जागच्या जागी उभे केले. मग विचारिले, "ही का ओरडत असेल?" कोणी म्हणाले भुकेने, कोणी म्हणाले भीतीने. आम्ही म्हणालो, "पायांखाली पाहा, पण पाऊल उचलू नका." बराच वेळ कोणास काही दिसले नाही. शेवटी त्या लहानग्यानेच बोट केले. आमच्यापासून सात-आठ पावलांवर, नांगराच्या पुढच्याच तासात, एका उथळ खळग्यात चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, वर काळसर डाग, निमुळती टोके आत करून ठेविलेली. कडेस बारीक ढेकळे व लेंड्या होत्या. हेच तिचे घरटे.

टिटवीविषयी आपल्या लोकांत तीन समजुती आहेत, त्या येथेच तपासून पाहू. पहिली, तिचे ओरडणे अशुभ आहे. ती ओरडते, कारण कोणीतरी तिच्या अंड्यांजवळ आलेले असते. तो कुत्रा असो, साप असो की माणूस असो. त्या सकाळी अशुभ घडणार होते खरे, पण ते तिच्या घरी, आणि ते घडविणारे आम्ही होतो. दुसरी समजूत अशी की, आभाळ कोसळू नये म्हणून ती पाय वर करून निजते. खरे इतकेच की तिचे मागचे बोट अगदी लहान असते, त्यामुळे तिला फांदी नीट धरिता येत नाही. म्हणून ती जन्मभर जमिनीवर राहते व जमिनीवरच निजते, पाय खालीच ठेवून. तिसरी, तिने जितकी अंडी घातली तितके महिने पाऊस पडतो. टिटवी बहुतकरून चारच अंडी घालिते. मग दरवर्षी चार महिने पाऊस पडावयास हवा. १९७२ सालच्या दुष्काळात ह्या तालुक्यांनी काय भोगिले ते वडील मंडळींस विचारावे. त्या वर्षीही टिटव्यांनी चारच अंडी घातली असतील.

शेतकऱ्याने हे सारे शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "तुमचं खरं असंल गुरुजी. पण हे रान माझ्या आज्याचं. धरणात गेलं. वरसातनं चार म्हयनं पाणी सोडतं, तवाच मला ते दिसतं. तिच्यापायी मी पेरायचं थांबू काय?"

ह्यावर आम्हांस तात्काळ उत्तर सुचले नाही, हे आम्ही कबूल करितो. पाखराची दया करा असे सांगणे सोपे असते, पण ज्याचे रान पाण्याखाली गेले त्यास ते सांगण्याचा आम्हांस काय अधिकार? तो माणूस व ती टिटवी, दोघेही एकाच पाण्याच्या उतरण्याची वाट पाहत होती, आणि दोघांसही तीच जमीन हवी होती.

मुलांच्या शिक्षकांनी विचारिले, "अंडी उचलून बांधावर ठेविली तर?" असे कधीही करू नये. पाखरू अंडी शोधीत नाही, जागा शोधिते. हलविलेल्या अंड्यांकडे बहुधा ते परत येत नाही. तेव्हा आम्ही शेतकऱ्यास हिशेब सांगितला. अंडी उबविण्यास सुमारे अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात, आणि पिल्ले बाहेर पडली की एका-दोन दिवसांतच आईबापांमागे चालू लागतात. जागा पाहिजे ती खाटेएवढी. मोराच्या चिंचोलीकरांनी मोरांस किती दाणा सोडिला असेल ह्याच्या मानाने ही खाट काहीच नव्हे. तो हसला. "खाटंएवढीच ना?" असे म्हणून त्याने ट्रॅक्टरचा नांगर उचलला, तेवढा तुकडा सोडून पुढे गेला, आणि खूण म्हणून दहा पावलांवर एक मोठे ढेकूळ ठेविले. खूण घरट्याजवळ करू नये. कावळे खूण ओळखतात.

६. आमची एक चूक

ही शेवटची गोष्ट आम्हांस कशी ठाऊक, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका वर्गास नदीसुरय पक्ष्यांची अंडी दाखवावयास घेऊन गेलो होतो. हा पक्षी नदीतील उघड्या वाळूवर अंडी घालितो. सकाळचे दहा वाजले असतील. मुलांस नीट दिसावे म्हणून आम्ही घरट्यांजवळ अर्धा तास बसलो, प्रत्येकास पाळीपाळीने पुढे नेले, आणि पाखरांच्या सवयींवर मोठ्या उत्साहाने बोललो. वर नर-माद्या ओरडत फिरत होत्या. मागे निंबावर दोन कावळे बसले होते, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो त्या वाळूत रिकामे खळगे व फुटलेली टरफले.

मग आम्ही वाचून व विचारून माहिती घेतली. उन्हाळ्यात जमिनीवरील अंड्यांस उबेपेक्षा सावलीची गरज अधिक असते. आईबाप अंड्यांवर उभे राहून सावली धरितात. टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांनी अंडी थंड करिते. आपण जवळ गेलो की ती उठतात, आणि तापलेल्या वाळूवर अर्ध्या तासात अंड्यातील जीव मरू शकतो. जे ऊन सोसून उरते त्यावर आपल्या मागोमाग कावळे येतात. त्या दिवशी आम्ही कोणास दगड मारिला नव्हता. आमचे प्रेमच त्या घरट्यांस नडले. म्हणून पुढील नियम आम्ही उपदेशक म्हणून देत नाही, अपराधी म्हणून देत आहो.

७. पाळावयाचे नियम

(१) विणीच्या दिवसांत उघड्या वाळूवर किंवा गाळावर समूहाने फिरू नये. पाखरू डोक्यावर घिरट्या घालू लागले की आल्या वाटेने मागे फिरावे.
(२) अंडी व पिल्ले ह्यांस हात लावू नये. पिल्लू एकटे दिसले तरी उचलू नये. त्याचे आईबाप जवळच असतात.
(३) नावेतून जाताना थवा उडावा म्हणून नाव त्यात घालण्यास नावाड्यास सांगू नये. चित्र चांगले निघते, पण लांब प्रवासासाठी पाखराने साठविलेले बळ फुकट जाते.
(४) पाण्याकाठी पडलेली जुनी जाळी व दोरे गोळा करावे. त्यांत पाय अडकून पाखरे उपाशी मरतात.
(५) १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपाखरांस मारणे व त्यांची घरटी किंवा अंडी नष्ट करणे हा गुन्हा आहे, हे गावात सांगावे. परंतु आधी पाखरांची ओळख करून द्यावी. ज्याचे नाव ठाऊक आहे त्यास दगड मारणे मुलास जड जाते.

बेचकीवाल्या मुलास आम्ही परतीच्या वाटेवर एक खरी गोष्ट सांगितली. मुंबईत १८९६ साली जन्मलेला एक मुलगा होता. लहानपणी त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडिली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी, हे विचारावयास त्यास बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविण्यात आले. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली आहे. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी त्यास न रागावता कपाटे उघडून जतन केलेली शेकडो पाखरे दाखविली. तो मुलगा पुढे साऱ्या जगात नाव झालेला पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली झाला, आणि १९८७ साली मरेपर्यंत पाखरेच पाहत राहिला. त्या दिवशी मिलर्ड साहेबांनी त्या मुलास दटावून परत पाठविले असते तर काय झाले असते, ह्याचा शिक्षकवर्गाने विचार करावा.

अठरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या शिवारात गेलो. गाळपेर उगवून आली होती, व मध्ये खाटेएवढा तुकडा मोकळा होता. खळगा रिकामा होता. पण पुढे पाण्याच्या अंगास दोन्ही टिटव्या ओरडत फिरत होत्या, आणि दुर्बिणीतून पाहता चिखलात तीन पिल्ले दिसली. मातीच्या रंगाची, लांब पायांची, आईने आवाज देताच जमिनीस चिकटून नाहीशी होणारी. चौथ्याचे काय झाले ते समजले नाही. शेतकऱ्याने आम्हांस बांधावरूनच हाक घातली, "गुरुजी, पुढं जाऊ नका, लेकुरवाळी हाय ती." ते ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो येथे लिहून दाखविता येत नाही.

तो लहानगाही बरोबर होता. बेचकी त्याने टाकिली की नाही हे आम्ही विचारिले नाही. त्याच्या हातात वही होती, आणि तिच्यात एकतीस नावे भरली होती.

वर्गासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील कोणत्या पाखरांस माणसांच्या धंद्यांची नावे आहेत? प्रत्येकाचे कारण सांगा.
२. एकाच पाण्यात अनेक जातींची पाखरे कशी जेवितात?
३. टिटवी का ओरडते? तिच्याविषयीची कोणती समजूत तुम्ही स्वतः तपासून पाहिली?
४. शेतकऱ्याच्या प्रश्नास तुम्ही काय उत्तर दिले असते?
५. येत्या आठवड्यात एका सकाळी पाणवठ्यावर अर्धा तास स्तब्ध बसून दिसेल त्या प्रत्येक पाखराच्या पाच गोष्टी लिहा, आणि त्याचे नाव घरातील सर्वांत वडील माणसास विचारा.